धाकटीचा नंबर

आमच्या धाकटीला नंबर मिळाला त्याला तीन पावसाळे झाले. धाकटी म्हणजे माझी मुलगी नव्हे, नदी. नदी म्हणायचं ते आमच्या हौसेनं. खरं तर घाटमाथ्यावरून सुटलेला ओढाच तो. आंबेटाकाच्या कातळावर पसरतो, किलोमीटरभर खाली गेला की दोन कड्यांच्या मधे शिरतो आणि चार किलोमीटर घळीतून आदळत-आपटत डांबरी रस्त्याच्या पुलाखाली बाहेर पडतो. त्या घळीत माणसं प्लॅस्टिकची होडकी घेऊन उड्या मारायला येतात. कायाक म्हणतात त्याला. पुण्याहून येतात, नाशकाहून येतात. भर पावसात सुट्टी काढून हाडं मोडून घ्यायला इतक्या लांब यायचं, याला काय म्हणावं!

नंबर यायच्या आधी या लोकांचा नंबर म्हणजे मीच. लीलाबाई शेडगे, आंबेटाक, एवढा पत्ता पुरे. घळीकडे जाणारी पायवाट आमच्या शेतातून जाते, म्हणून मला विचारल्याशिवाय कुणी उतरत नसे. सहा वाजता फोन वाजायचा. ‘‘मावशी, पाणी किती?’’ मी छत्री घेऊन जायची आणि हत्तीचा धोंडा बघायची. घळीच्या तोंडाशी एक मोठा धोंडा आहे, हत्ती पाण्यात बसावा तसा. पाणी त्याच्या पोटाला असलं तर या म्हणायचं. कानाला लागलं तर घरीच भजी खा म्हणायचं. आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनाला पाणी कुठंही असो, पायवाटेवर आंब्याचा टाळा, पानांची फांदी, आडवी टाकायची. टाळा दिसला की रस्ता बंद. त्यावर वाद नाही.

त्याचं कारण असं की कातळावर पाणी पसरट. गुडघाभर आणि जोरकस. त्यात मूर्ती बुडत नाही, आडवी होऊन फरफटत जाते, सोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे. कुणाला बघवेल ते? म्हणून गावातले लोक विसर्जनादिवशी कोंडापाशी, म्हणजे घळीच्या वरच्या अंगाला ओढा खोलगट होतो तिथं, दगड-मातीचा, गोण्यांचा बांध घालतात. पाणी छातीएवढं तुंबतं. आरती होते, गणपती नीट बुडतात, मग बांध फोडायचा. देव वाहता झाला पाहिजे, अडवून ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बांध फुटला की पाण्याचा जो लोंढा सुटतो तो थेट घळीत जातो. घळीत त्या वेळी बेडूकसुद्धा नसावा.

मग पाणी ऐकणारी ‘जलश्रुती’ यंत्रणा आली. आम्ही तिला ‘कान’ म्हणतो.

माझी मयुरी तेव्हा तेवीस वर्षांची, कायाकवाल्या कंपनीत वाटाडी म्हणून नुकती लागलेली. तिनंच मला चुलीपुढं बसून समजावलं. ओढ्याच्या काठाकाठानं, माथ्यापासून पुलापर्यंत, जमिनीत काचेची एक तार पुरली आहे. केसाइतकी बारीक. तिच्या एका टोकातून उजेडाचे झटके सोडतात, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात जागोजागी बारीक खोट राहतेच. त्या प्रत्येक खोटीवरून थोडा उजेड माघारी फिरतो. शेजारची जमीन जरा थरथरली की तार इवलीशी ताणली जाते आणि परत येणारा उजेड बदलतो. कुठला उजेड कधी परत आला यावरून थरथर कुठं झाली ते हातभर अंतराच्या आत कळतं. पाणी दगडावर आदळतं, तळाचे गोटे गडगडतात, त्या सगळ्याची थरथर ही तार ऐकते आणि त्या आवाजावरून पाण्याची उंची सांगते.

‘‘पण डोंगरात पाऊस किती पडला ते?’’ मी विचारलं.

‘‘ते रडारवरून कळतं. पण घाटात रडार चुकतं गं. एका कड्यावर धो धो आणि शेजारी कोरडं. म्हणून दोघांचं जुळलं नाही की यंत्र तारेचं खरं मानतं. आणि तीन तासांनंतर किती पाणी असेल तेही सांगतं.’’

आणि सांगायचं हो, अगदी बोटभर इकडे-तिकडे नाही. नव्वद ते एकशे वीस सेंटिमीटर हिरवा, त्यावर लाल. पायवाटेवर टाळा टाकायच्या जागी आडवा दांडा बसवला. नंबर हिरवा झाला की त्याचं कुलूप आपोआप सुटतं. शेजारी पत्र्याची टपरी, आत एक पडदा, आणि टपरीत पगारी राखणदार म्हणून मी. दांडा उचलायचा, चहा द्यायचा, माणसं मोजायची. पडद्यावर होडकीसुद्धा दिसायची. होडकं खडकाला घासलं की टक्क होतं, तेवढंही तार ऐकायची आणि नकाशावर ठिपका टाकायची. दोन वर्षांत यंत्र एकदाही चुकलं नाही. मी चुकले, तीनदा. कबूल करायला कसली लाज!

तिसऱ्यांदा चुकले ते गणपती बसायच्या दहा दिवस आधी. नंबर हिरवा होता, पण मला माथ्यावरचं आभाळ बघवेना. मी आठ जणांना परत पाठवलं. दिवसभर पाणी हललं नाही. त्या लोकांनी कंपनीकडे तक्रार केली आणि बोलणी मयुरीला बसली. ती घरी आली ती तणतणतच.

‘‘आई, यापुढे पाण्याबद्दल तू कुणाला एक अक्षर बोलायचं नाहीस. दांडा उचल, चहा दे, बास.’’

‘‘बरं बाई. तुझं यंत्र शहाणं, मी अडाणी.’’

‘‘तसं नाही म्हणाले मी.’’

‘‘मग कसं म्हणालीस?’’

ती जेवली नाही, मीही जेवले नाही. नऊ वर्षांपूर्वी तिचे वडील गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. भांडलो तर मधे पडायलाही कुणी नाही. आधीच्या दोन्ही गौरी-गणपतीत आम्ही हसून-खेळून होतो, त्या वर्षी एकमेकींना मीठसुद्धा मागत नव्हतो.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी नंबर एकशे अडतीस होता. लाल. मी निर्धास्त होते. पहिल्या वर्षी त्या दिवशी ओढाच आटलेला, दुसऱ्या वर्षी दिवसभर लाल, म्हणजे बांध आणि होडकी यांची गाठ कधी पडलीच नव्हती. अकराच्या सुमाराला अनंताभाऊजी, माझे चुलतदीर, वीसेक माणसं घेऊन कोंडाकडे जाताना दिसले. खांद्यावर नव्या ताडपत्र्या.

‘‘वहिनी, यंदा बांध असा घालतो की मोठ्या मंडळाचा गणपतीही बुडेल!’’ ते ओरडले.

‘‘घाला, घाला. आणि आरतीला मला बोलवायला विसरू नका,’’ मी म्हटलं.

साडेबाराला नंबर उतरायला लागला. एकशे तीस. एकशे चोवीस. दीडच्या आत एकशे सोळा, हिरवा. दांड्याचं कुलूप खट्कन सुटलं. माथ्यावर ढग तसेच होते, काळे, पण खाली भुरभुर. मी म्हटलं, पाऊस ओसरला असेल.

दोन वाजता मयुरीची गाडी आली. तिच्याबरोबर दोन पाहुणे. एक झरीन इनामदार, पुण्याची, हसतमुख पोरगी. दुसरा निरंजन टिळेकर, नाशकात शाळेत विज्ञान शिकवणारा, तिशीचा, भलताच चौकस. तारेबद्दल मला मयुरीपेक्षा जास्त प्रश्न त्यानं विचारले. दोन कप चहा प्याला आणि मग धोंड्याकडे बघत म्हणाला, ‘‘मावशी, तुम्ही इथं जन्म काढलात. तुम्हाला काय वाटतं? उतरावं का आज?’’

मयुरी तिथंच होती, शिरस्त्राणाचा पट्टा आवळत. तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत होती.

माझ्या मनात बांध नव्हता असं नाही. होता. जिभेवर आला होता. पण वाटलं, आता मी बोलणार आणि ही पुन्हा चारचौघांत मला गप्प करणार. आणि दुसरंही वाटलं, ते जास्त खरं: या कानाला गोट्याची टक्कसुद्धा कळते, वीस माणसं फावडी घेऊन कोंडात उतरलीत ते कळत नसेल? त्यानं सगळं धरूनच नंबर दिला असणार. आपण कशाला मधे तोंड घालायचं?

‘‘मला काय विचारता?’’ मी म्हटलं. ‘‘नंबर बघा की.’’

निरंजन हसला. मयुरीनं पट्टा आवळला. मी दांडा उचलला आणि तिघं खाली उतरले.

मी भांडी विसळली. पडद्यावर तीन ठिपके हळूहळू घळीत सरकत होते. पहिली उडी, दुसरी उडी, मग बराच वेळ थांबले, कुठंतरी खाऊबिऊ खात असतील. वर गावात ढोल सुरू झाले. चारच्या सुमाराला मी पाणी भरायला धोंड्यापाशी गेले आणि माझं लक्ष गेलं. हत्तीच्या कानाशी ओली रेघ होती आणि पाणी तिच्या चांगलं वीतभर खाली. पाऊस ओसरून पाणी उतरलं तर असं तासाभरात उतरत नाही. डोंगर भिजलेला असतो, तो दोन दिवस पाझरतो. शिवाय माथ्यावर तर दिसत होतं की पाऊस कोसळतोय. मग पाणी गेलं कुठं?

तेव्हा मला कळलं. पाणी कुठंच गेलं नव्हतं, वर कोंडात उभं होतं. आणि उभं पाणी कशावर आदळत नाही, गोटे गडगडवत नाही, आवाजच करत नाही. तारेला ते ऐकू येणार कसं? रडार ओरडून सांगत असेल पाऊस आहे म्हणून, पण रडारचं तर त्यानं ऐकायचंच नाही असं ठरलेलं. कानानं एवढंच ऐकलं की घळीतली गडबड कमी झाली, आणि दांडा उघडला.

मी अनंताभाऊजींना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांच्या सुनेनं उचलला.

‘‘सविता, बांध फोडू नका म्हणावं! मयुरी घळीत आहे!’’

‘‘काकू? ढोल वाजतायत, काही कळत नाही. मामंजी पाण्यात आहेत, आरती संपली आत्ताच...’’

‘‘अगं बांध! बांध फोडू नका!’’

‘‘थांबा, मी लांब जाऊन बोलते.’’

ती लांब जाऊन बोलेपर्यंत वरून ‘पुढच्या वर्षी लवकर या’चा गजर झाला आणि टपरीतला पडदा लाल झाला. आधी माथ्याकडे एक जाड रेघ उमटली, मग ती खाली सरकायला लागली. नंबर दोनशे दाखवला, मग दोनशे ऐंशी. दांडा आपोआप खाली आला आणि कुलूप बसलं. आता मात्र यंत्राला सगळं कळत होतं. लोंढा कुठं आहे, किती उंच आहे, कुठल्या वळणावर किती वाजता पोहोचेल. ठिपके होते तिथं पोहोचायला अकरा मिनिटं.

मी कंपनीचा मदतीचा नंबर फिरवला. एक मुलगी बोलली, आवाजानं गोड.

‘‘हो मॅडम, आम्हालाही दिसतंय. पाणी त्या टप्प्यावर चार वाजून एकवीस मिनिटांनी पोहोचेल.’’

‘‘अहो मग सांगा ना त्यांना!’’

‘‘त्या भागात उपग्रहाचा संदेश जात नाही, मॅडम. वर आकाश पुरेसं उघडं नाही.’’

‘‘तार आहे ना तिथं? तारेतून सांगा!’’

‘‘तार फक्त ऐकते, मॅडम. बचाव पथक निघालंय, चाळीस मिनिटांत पुलापाशी येईल.’’

घळीत मधेच उतरायला एकच वाट, टपरीपासून दोन किलोमीटर. मी धावत निघाले. पन्नास पावलं गेले असेन. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, चिखलातून दोन किलोमीटर मला अर्धा तास लागला असता. तरी धावले, मग थांबले, मग फोनवर तोच पडदा उघडून वाटेतच दगडावर बसले. दुसरं काय करणार होते? शेजारून लोंढा गेला. लालसर पाणी, केळीचे खांब, गोण्या, दुर्वांचे हार, सगळं एकमेकांवर चढत. माझ्या डोळ्यांपुढून गेला आणि मी त्याला हात लावू शकले नाही.

ठिपके अजून हलत होते. टक्क, टक्क. मजेत चालले होते. मी फोनला तोंड लावून मयुरीला हाका मारल्या, वेड्यासारख्या. रेघ जवळ आली. चार वाजून एकवीस मिनिटांनी ती ठिपक्यांना लागली आणि तिन्ही ठिपके नाहीसे झाले. यंत्रानं खोटं सांगितलं नव्हतं, मिनिटाचाही फरक नाही.

मग पाऊण तास पाण्याच्याच आवाजानं तार भरून गेली. पडद्यावर नुसता गढूळ पट्टा. सविता, अनंताभाऊजी, सगळा गाव गुलालानं माखलेला माझ्याभोवती उभा होता. भाऊजी मटकन खाली बसले. ‘‘वहिनी, मला वाटलं रस्ता बंद असेल. आज बंदच असतो ना?’’

पाणी उतरल्यावर एक ठिपका उमटला. टक्क. थोड्या वेळानं पुन्हा टक्क. एक होडकं खडकात अडकून हलत होतं. आत माणूस आहे की रिकामं आहे ते तार सांगत नाही. दोघांचा आवाज सारखाच. त्या ठिपक्याला मी मयुरी म्हणून धरून बसले. आईचं काळीज, दुसऱ्या दोघांचा विचारही केला नाही मी, हे आता सांगायला हवं.

तो ठिपका निरंजनचा होता. होडकं रिकामं होतं. तो स्वतः पुलाच्या खाली सापडला.

झरीन आणि मयुरी एका कपारीत चढून वाचल्या. मयुरीनं दोर टाकला तेव्हा झरीनच्या हाती लागला, निरंजनच्या हाताला नुसता चाटून गेला. दुसऱ्यांदा टाकायला वेळ मिळाला नाही. मयुरीचं गळ्याचं हाड मोडलं होतं. हे सगळं मला झरीननं सांगितलं. मयुरी दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. चौकशीवाले आदल्या दिवशी टपरीवर येऊन गेले होते. यंत्रात दोष नाही म्हणाले. जेवढं ऐकू आलं तेवढं त्यानं बरोबर सांगितलं. बांध गाव दरवर्षी घालतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी कळवावं असा नियमही नाही. उरली ती वाटाडी. खाली उतरताना ‘जबाबदारी माझी’ असं तिनं पडद्यावर बोट ठेवून मान्य केलेलं. तेव्हा जबाब तिचा.

मी रात्रीच ठरवलं होतं. पोरीवरचं ओझं आपण घ्यायचं. तिला सांगायचं, चौकशीवाल्यांनाही सांगायचं, मला शिक्षा झाली तर झाली.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खुर्ची ओढली.

‘‘मयुरी, बांध मला माहीत होता. अकरा वाजता भाऊजी ताडपत्र्या घेऊन गेले ते मी बघितलं होतं. तो मला विचारत होता तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं. तुझ्यावर रुसले होते म्हणून बोलले नाही. तुझा काही दोष नाही. माझा आहे.’’

मग तिनं मान वळवली. डोळे सुजलेले, पण कोरडे.

‘‘आणि मला नव्हता माहीत?’’

मी खुर्ची आणखी पुढं ओढली.

‘‘आई, मी याच गावची ना? शाळेत असताना मीही गोण्या धरल्यात. गाडी गावातून आली तेव्हा मी कोंडावर माणसं बघितली. माझ्या मनात आलं, की हा नंबर बांधामुळं तर उतरला नसेल? पण बोलायचं कशावर? यंत्र हिरवं म्हणतंय आणि मी म्हणू की मला भीती वाटते? पंधराच दिवस आधी तुला त्यावरूनच बोलले होते मी.’’

‘‘अगं, मग...’’

‘‘मग निरंजनसरांनी तुला विचारलं. मी पट्टा सोडून थांबले. म्हटलं, आई आता बांधाचं बोलणारच. ती बोलली की आपण लगेच माघारी फिरायचं. मी वाट बघत होते, आई.’’

तिची ती नजर मला दटावणी वाटली होती. मी तिचा धरलेला हात सोडला, मग पुन्हा धरला. तिला धीर द्यायला आलेली मी, आता धीर देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि तिच्याकडेही नव्हतं.

दारावर टकटक झाली. हातात कागद घेतलेला दवाखान्यातला एक माणूस डोकावला. निरंजन टिळेकरांचे वडील नाशकाहून आले आहेत, म्हणाला, आणि त्यांना फक्त एकच गोष्ट विचारायची आहे. आत पाठवू का?

मयुरीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तो माणूस दारात उभा होता, आणि मी उठून निरंजनच्या वडिलांसाठी खुर्ची मोकळी केली.